न्यायपरिचर्या : मुलींसाठीं एक नवा पेशा

न्यायवैद्यक हा शब्द आपल्या लोकांच्या परिचयाचा होऊन बराच काळ लोटला. खुनाचा खटला उभा राहिला म्हणजे शवाची परीक्षा करणारा सरकारी डॉक्टर साक्षीस येतो, जखमेची लांबी-रुंदी सांगतो, व त्यावरून न्यायाधीश कांहीं निर्णय करितात, एवढें वर्तमानपत्र वाचणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असतें. परंतु त्या डॉक्टरच्या कितीतरी आधीं, जखमी मनुष्य जिवंत असतांना, ज्या व्यक्तीचा हात त्याच्या अंगास प्रथम लागतो ती व्यक्ति म्हणजे परिचारिका. तिनें काय पाहिलें, काय पुसून टाकलें आणि काय जपून ठेविलें, ह्यावर पुष्कळदां खटल्याचा सारा डोलारा उभा राहतो अगर कोसळतो. ही गोष्ट ध्यानांत घेऊन अमेरिकेंत गेल्या पन्नास वर्षांत परिचर्येची एक स्वतंत्र शाखा निर्माण झाली आहे. तिला तेथें ‘फोरेन्सिक नर्सिंग’ म्हणतात. लॅटिन भाषेंतील ‘फोरम’ म्हणजे नगरांतील चव्हाटा, जेथें रोमन लोक बाजारहि भरवीत व न्यायनिवाडेहि करीत. त्या शब्दापासून ‘फोरेन्सिक’ हें विशेषण झालें. न्यायवैद्यक ह्या शब्दाच्या धर्तीवर आम्ही ह्या शाखेस ‘न्यायपरिचर्या’ म्हणतों. शब्द थोडा जड आहे खरा. पण ‘चव्हाट्यावरची शुश्रूषा’ म्हणण्यापेक्षां बरा.

असा विषय कुटुंबाच्या मासिकांत कशासाठीं, असें आमच्या कांहीं वडीलधाऱ्या वाचकांस वाटेल. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांच्या हातीं जें पडतें त्यांत पोलिस, पंचनामा आणि अत्याचार ह्यांचें काय काम? ह्यास आमचें उत्तर असें कीं, आपल्या घरांतील मुली बारावी उत्तीर्ण होऊन पुढें काय करावें ह्याचा विचार करीत असतात, आणि त्यांतली एखादी परिचर्येकडे वळूं लागली म्हणजे ‘सलाइन लावण्यापलीकडे त्यांत आहे काय?’ असें घरचेच म्हणूं लागतात. त्यांत काय आहे हें त्यांस कळावें हा पहिला हेतु. दुसरें असें कीं, आपत्ति घराणें पाहून येत नाहीं. ज्या घरांत ती येते तेथें पहिल्या दोन घटकांत जें केलें जातें त्याचा परिणाम वर्षानुवर्षें टिकतो. आणि त्या दोन घटकांत आपल्यांतील बहुतेक घरें नेमकें उलटें करितात. तें काय, हें पुढें ओघानें येईल.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणहि चारच : सेवेचें ज्ञान, दक्षता, रोग्याविषयीं अनुराग आणि शुचिता. ही यादी आजच्या कोणत्याहि परिचर्या-विद्यालयाच्या भिंतीवर लावण्यासारखी आहे. पण मौज अशी कीं, न्यायपरिचर्येची गरजच मुळीं ह्यांतील शेवटच्या गुणापायीं होणाऱ्या हानींतून उत्पन्न झाली. परिचारिकेस पहिल्या दिवसापासून शिकवितात तें स्वच्छ करावयास. जखम धुवावी, रक्तानें भिजलेले कपडे कापून काढावे, नखें साफ करावीं, चादर बदलावी. रोग्याच्या दृष्टीनें हें सर्व योग्य आहे. न्यायाच्या दृष्टीनें मात्र त्या बादलींतल्या पाण्याबरोबर पुरावा मोरींत जातो. गोळी लागलेल्या माणसाचा सदरा घाईघाईनें कापतांना कात्री सोयीचें म्हणून नेमकी गोळीच्या भोंकांतूनच जाते. आणि त्या भोंकाच्या कडेची काजळी व दारूचे कण पाहूनच तर गोळी किती अंतरावरून झाडली हें तज्ज्ञ सांगत असतात! ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेविला तर दोन दिवसांत त्यावर बुरशी चढते आणि त्यावरील रक्ताचा अगर अन्य स्रावांचा ठाव लागणें कठीण होतें. म्हणून असे कपडे वाळवून कागदाच्या पिशवींत ठेवावयाचे असतात. गोष्ट केवढीशी! परंतु आमची एक जुनी विद्यार्थिनी एका मोठ्या इस्पितळाच्या अपघात-विभागांत अनेक वर्षें सिस्टर होती, तिच्या सांगण्याप्रमाणें रक्ताळलेले कपडे प्लास्टिकच्या पिशवींत कोंबून नातेवाइकांच्या हातीं देणें हीच तेथील रीत होती, आणि ती रीत कोणास खटकतहि नसे. नातेवाईक ते कपडे अशुभ म्हणून वाटेंतच कोठेंतरी टाकून देत.

फ्रान्सांतील लियाँ नगरीं एदमों लोकार ह्या पंडितानें १९१० सालीं पोलिसांसाठीं प्रयोगशाळा स्थापन केली. त्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेला सिद्धांत असा कीं, दोन वस्तूंचा स्पर्श झाला म्हणजे एकीचा अंश दुसरीवर राहतो. सोवळेंओवळें पाळणाऱ्या आपल्या आजीबाईंस हें सांगावयास युरोपांतून कोणी येण्याचें कारण नव्हतें. फरक इतकाच कीं, आजीबाई तो अंश धुऊन काढीत, आणि न्यायपरिचारिका तो जपून ठेवते.

ह्या शाखेचा इतिहास फार जुना नाहीं. १९७५ सालीं कॅनडांतील आल्बर्टा प्रांतांत डॉ. जॉन बट ह्यांनीं आकस्मिक मृत्यूंच्या चौकशीच्या कामावर परिचारिकांची नेमणूक केली. त्यांतील शहाणपण उघड आहे. मृताच्या उशाशीं पडलेल्या औषधांच्या बाटल्या पाहून त्यास कोणता रोग होता हें परिचारिका ताडूं शकते, आणि शोकाकुल विधवेस प्रश्न कसे विचारावे हें तिला शिकवावें लागत नाहीं. येथें कौटिल्याची आठवण होणें अपरिहार्य आहे. अर्थशास्त्राच्या ‘कण्टकशोधन’ ह्या चौथ्या अधिकरणांत ‘आशुमृतकपरीक्षा’ नांवाचा एक सबंध अध्याय आहे. अकस्मात् मेलेल्याच्या शरीरास तेल लावून तें कसें तपासावें, गळा दाबून मारलेला, बुडालेला, विषानें मेलेला ह्यांचीं लक्षणें कोणतीं, हें त्यांत एकामागून एक सांगितलें आहे. आपल्याकडे सारेंच होतें असा अभिमान मिरविण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. होतें तें आपण पुढें चालविलें नाहीं, एवढेंच त्यावरून दिसतें.

अमेरिकेंत ह्याच सुमारास निराळी अडचण उभी राहिली होती. अत्याचार झालेली स्त्री इस्पितळांत येई, तेव्हां तिच्याहून अधिक अत्यवस्थ रुग्ण पुढें असत. तिला तासन् तास बांकावर बसून राहावें लागे. पुरावा नाहींसा होईल म्हणून पाणी पिऊं देत नसत कीं लघवीला जाऊं देत नसत. अखेर जो तरुण डॉक्टर येई त्यास ह्या परीक्षेचें शिक्षण नसे, आणि पुढें न्यायालयांत खेटे घालावे लागतील ह्या भयानें तो मनांतून नाखूष असे. ह्यावर उपाय म्हणून १९७६ सालीं टेनेसी संस्थानांतील मेंफिस येथें, १९७७ सालीं मिनिआपोलिस येथें व १९७९ सालीं टेक्सासांतील अमॅरिलो येथें ह्या परीक्षेसाठीं खास परिचारिका तयार करण्याचे उपक्रम सुरू झाले. मध्यंतरीं १९७८ सालीं शिकागो येथील इस्पितळांत एक साधी पुठ्ठ्याची पेटी आली. तींत नमुने घेण्याचे बोळे, काचपट्ट्या, कंगवा, लिफाफे आणि सूचनांचा कागद अशी सर्व सामग्री एकत्र ठेविलेली असे, जेणेंकरून प्रत्येक इस्पितळांत परीक्षा एकाच पद्धतीनें व्हावी. ह्या पेटीची कल्पना पुढें रेटणारी स्त्री मार्था गॉडर्ड. पेटीला नांव मात्र अनेक वर्षें लागलें तें पोलिस-प्रयोगशाळेंतील लुई व्हिट्युलो ह्या गृहस्थाचें. हा न्याय आपल्या ओळखीचा आहे, त्यावर अधिक लिहीत नाहीं.

टेक्सासच्या व्हर्जिनिया लिंच ह्या परिचारिकेनें १९८० नंतरच्या वर्षांत गुन्हे-प्रयोगशाळेचें काम पाहिलें, आणि इस्पितळांतून येणारा पुरावा कसा बिघडून अगर हरवून जातो हें कळल्यावर ह्या कार्यास वाहून घेतलें. १९९२ सालीं मिनिआपोलिस येथें सत्तराहून अधिक परिचारिका जमल्या व त्यांनीं न्यायपरिचारिकांचा आंतरराष्ट्रीय संघ स्थापिला. १९९५ सालीं अमेरिकन परिचारिका-संघानें ही परिचर्येची विशेष शाखा म्हणून मान्य केली.

आतां प्रत्यक्ष काम कसें चालतें तें पाहूं. मध्यरात्रीं एक तरुणी येते. जिवास धोका असेल तर प्रथम तो निवारावयाचा. त्या वेळीं पुरावा दुय्यम. धोका नसेल तर तिला वेगळ्या खोलींत बसवून परिचारिका पहिली गोष्ट करते ती ही कीं, पुढें काय काय होणार हें सांगून तिची संमति घेते. ही संमति एकदांच घेऊन भागत नाहीं. प्रत्येक पायरीवर पुन्हा विचारावयाचें, आणि ती ‘नको’ म्हणाली तर तेथेंच थांबावयाचें. ज्या स्त्रीच्या नकारास कोणीं कांहींच किंमत दिली नाहीं तिचा नकार ह्या खोलींत प्रथम मानला जातो. आमच्या मतें ह्या साऱ्या विद्येचें मर्म येथें आहे. बाकीचें तंत्र पुस्तकांतून शिकतां येतें. मग तिला जमिनीवर अंथरलेल्या स्वच्छ कागदावर उभें करून कपडे उतरवितात, म्हणजे केस, माती, धागा जें पडेल तें कागदावर राहतें. तो कागदहि घडी करून ठेवावयाचा. प्रत्येक कपडा निराळ्या पिशवींत. बोळे वाळवून लिफाफ्यांत. लिफाफा जिभेनें ओला करून चिकटवावयाचा नाहीं, कारण चिकटविणारीची लाळ हाहि एक पुरावाच! छायाचित्रें तीन प्रकारचीं : एक दुरून, ज्यांत जखम शरीराच्या कोणत्या भागावर आहे तें दिसावें, एक मधल्या अंतरावरून, आणि एक अगदीं जवळून, शेजारीं मोजपट्टी ठेवून. शेवटीं पेटी बंद करून शिक्कामोर्तब होतें, आणि ती कोणी कोणाच्या हातीं किती वाजतां दिली ह्याची सह्यांनिशीं नोंद सुरू होते. ह्या सांखळींतील एक कडी निसटली तर प्रतिपक्षाचा वकील सारी पेटीच निरुपयोगी ठरवूं शकतो. ह्या कामास तीन-चार तास सहज लागतात.

ह्याशिवाय औषधोपचार आहेतच. एड्सच्या विषाणूचा प्रतिबंध करणारें औषध ७२ तासांच्या आंत सुरू करावें लागतें व तें २८ दिवस चालतें. गर्भधारणा टाळण्याचें औषध जितकें लवकर तितकें चांगलें, फार तर पांच दिवसांपर्यंत. हे आंकडे घरांतील कर्त्या स्त्रियांनीं ध्यानांत ठेवावे म्हणून येथें मुद्दाम दिले आहेत.

आणि आतां त्या दोन घटकांविषयीं. घरांतील मुलीवर असा प्रसंग आला तर आई, काकू, आजी ह्यांच्या तोंडून पहिला शब्द निघतो तो ‘आधीं आंघोळ घाल’ हाच. त्यांत माया असते, आणि सर्व झालें-गेलें पाण्यानें धुऊन निघावें अशी खुळी आशाहि असते. दुसरा शब्द पुरुषांचा : ‘बाहेर बोलूं नका.’ कपडे चुलींत जातात, मुलगी मामाच्या गांवीं जाते, आणि अपराधी मोकळा हिंडतो. पुष्कळदां तो नात्यांतलाच असतो, आणि पुढल्या मंगलकार्यास पानावर येऊन बसतो. आम्ही स्पष्ट सांगतों कीं, डॉक्टरकडे जाईपर्यंत आंघोळ घालूं नये, कपडे धुऊं नयेत, आणि बदलावेच लागले तर ते कागदांत गुंडाळून बरोबर न्यावे. भारत सरकारच्या आरोग्य खात्यानें २०१४ सालीं काढलेल्या मार्गदर्शक नियमांत शरीरावरील नमुने घेण्याची मुदत ९६ तासांची धरली आहे. पण आंघोळ झाली, दिवस उलटले, म्हणून आतां जाण्यांत अर्थ नाहीं, असेंहि कोणी समजूं नये. कपड्यांवर अंश राहतो, जखमा राहतात, आणि उपचारांची गरज तर असतेच. अंगावर एकहि ओरखडा नाहीं म्हणून कांहीं घडलेंच नाहीं, हेंहि अनुमान चुकीचें आहे. भयानें गोठून गेलेलें शरीर प्रतिकार करीत नाहीं.

अनुमानाचा विषय निघाला म्हणून ह्या पेशाच्या ज्या अंगानें आम्हांस, आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसास, विशेष मोहविलें तें सांगतों. तें म्हणजे नोंद लिहिण्याची कला. न्यायशास्त्रांत प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द अशीं चार प्रमाणें सांगतात. न्यायपरिचारिकेनें आपल्या कागदावर दोनच लिहावयाचीं. डोळ्यांनीं पाहिलें तें प्रत्यक्ष : ‘डाव्या दंडावर, बाहेरच्या बाजूस, दोन सेंटिमीटर व्यासाचे चार वर्तुळाकार काळसर डाग.’ आणि रुग्णानें सांगितलें तें शब्द, तिच्याच भाषेंत, अवतरणचिन्हांत, एक अक्षरहि न सुधारतां. ‘बोटांनीं घट्ट धरल्याच्या खुणा’ असें तिनें लिहिलें कीं तें अनुमान झालें. तो निर्णय न्यायालयाचा. विचारल्यास तज्ज्ञ म्हणून ती आपलें मत सांगेल, पण नोंदींत तें कालवणार नाहीं. ‘रुग्ण खोटें बोलत असावी’ हें जसें लिहावयाचें नाहीं, तसें ‘बिचारी’ हेंहि नाहीं. ‘तिचा असा दावा आहे’ ह्या साध्या दिसणाऱ्या वाक्यांतहि संशय डोकावतो; म्हणून ‘ती सांगते’ एवढेंच. आमच्या निबंधलेखनाच्या तासाला ही शिस्त कोणीं लावली असती तर किती बरें झालें असतें!

साक्षीच्या पिंजऱ्यांत उभी राहिल्यावर ह्या परिचारिकेची खरी कसोटी लागते. चरकानें सांगितलेला अनुराग तिला येथें आवरावा लागतो. ती फिर्यादीची बाजू घेऊन आलेली नसते. जें पाहिलें तें सांगावयास आलेली असते, मग तें कोणाच्याहि उपयोगी पडो. रात्रभर ज्या मुलीचा हात धरून बसली तिच्याच खटल्यांत ‘ह्या जखमा पडल्यानेंहि होऊं शकतात काय?’ असा प्रश्न आला, आणि उत्तर ‘होय’ असलें, तर तें ‘होय’ तिला म्हणावें लागतें. हें सर्वांस झेपेल असें नाहीं.

न्यायपरिचर्या म्हणजे केवळ बलात्काराच्या प्रकरणांतील परीक्षा असा समज होऊं नये. तुरुंगांतील आजाऱ्यांची शुश्रूषा, मनोरुग्ण अपराध्यांची देखभाल, बालकांचा छळ, बायकोस मारहाण, हीं सर्व तिचीं क्षेत्रें आहेत. कॅलिफोर्नियांतील सॅन डिएगो येथील नगर-अभियोक्त्यांच्या कचेरीनें गळा दाबल्याच्या ३०० फिर्यादी तपासून पाहिल्या. त्यांतील निम्म्या प्रकरणांत गळ्यावर दिसण्याजोगी खूण नव्हती. अशा वेळीं जाणती परिचारिका गळा सोडून इतरत्र पाहते. डोळ्यांच्या पांढऱ्या भागांत टांचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आहेत काय, आवाज बसला आहे काय, आवंढा गिळतांना दुखतें काय, त्या क्षणीं कपड्यांतच लघवी झाली होती काय. गळा दाबून सोडून दिलेल्या माणसाच्या मानेंतील रक्तवाहिनीस इजा होऊन कांहीं दिवसांनीं अर्धांगाचा झटका आल्याचीं उदाहरणें आहेत. नवऱ्यानें ‘जरा गळा धरला’ म्हणून हसण्यावारीं नेणाऱ्या सासरमाहेरच्या मंडळींनीं हें वाचावें.

आणि वृद्धांचें काय? एकत्र कुटुंब हा आपला अभिमानाचा विषय आहे, आमचाहि आहे; परंतु ज्या घरांत दहा माणसें असतात तेथें अंथरुणास खिळलेल्या म्हाताऱ्याकडे पाहणारें एकच असतें, आणि तें एक माणूस कधीं थकतें, कधीं चिडतें. कॅलिफोर्नियांतच १०१ वृद्धांच्या अंगावर सहजगत्या उठलेल्या काळ्यानिळ्या डागांचें निरीक्षण करून २००५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध करण्यांत आले. सुमारें नव्वद टक्के डाग हातांपायांवर होते; मान, कान, ढुंगण आणि तळपाय ह्यांवर एकहि नव्हता. म्हणजे आजोबांच्या कानावर अगर मानेवर डाग दिसला तर ‘वयामुळें होतें’ म्हणून सोडून देऊं नये. शिवाय डाग पिवळा आहे म्हणून जुना आणि जांभळा आहे म्हणून ताजा, हा ठोकताळाहि विश्वासार्ह नाहीं, असें त्याच निरीक्षणांत दिसून आलें.

भारतांत ह्या शाखेची स्थिति काय? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील परिचारिका अरुणा शानबाग ह्यांची कथा महाराष्ट्रांत कोणास ठाऊक नाहीं? २७ नोव्हेंबर १९७३ च्या रात्रीं रुग्णालयांतच एका सफाई-कामगारानें कुत्र्याच्या सांखळीनें गळा आवळून त्यांच्यावर अत्याचार केला. त्या पुन्हा शुद्धीवर आल्या नाहींत. अपराध्यास शिक्षा झाली ती चोरी व खुनाचा प्रयत्न ह्यांबद्दल. अत्याचाराचा आरोप खटल्यांत नव्हताच. लोकलज्जेचा त्यांत मोठा वाटा होता असें पुढें लिहिलें गेलें आहे. त्याच रुग्णालयाच्या परिचारिकांनीं पिढी बदलली तरी त्यांची शुश्रूषा सोडली नाहीं. १८ मे २०१५ रोजीं त्यांचें निधन होईपर्यंत, म्हणजे एकेचाळीस वर्षांहून अधिक काळ, त्यांच्या पाठीस शय्याव्रण होऊं दिले नाहींत अशी त्यांची ख्याति झाली, आणि सर्वोच्च न्यायालयानेंहि २०११ च्या निकालपत्रांत त्यांची प्रशंसा केली. सेवेंत आपल्या परिचारिका जगांत कोणाहून उण्या नाहींत. उणें होतें तें त्या पहिल्या रात्रीं, नोंद करणारा हात.

कायद्यानें आतां बरीच वाट करून दिली आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १८४ व्या कलमानुसार अत्याचारग्रस्त स्त्रीची परीक्षा तिच्या संमतीनेंच, चोवीस तासांच्या आंत, नोंदणीकृत डॉक्टरनें करावयाची असते, व अहवाल सात दिवसांच्या आंत तपासी अधिकाऱ्याकडे धाडावा लागतो. ३९७ व्या कलमानें सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयावर असे उपचार तत्काळ व विनामूल्य करण्याचें बंधन आहे. ‘आधीं पोलिसांत जाऊन या’ असें सांगून परत पाठविणें हा गुन्हा आहे. कौमार्याची ती अपमानास्पद हस्तपरीक्षा २०१३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्त्रीच्या प्रतिष्ठेस बाधक ठरविली, आणि २०२२ सालीं ती करणारास गैरवर्तनाचा दोषी मानावें असें फर्माविलें. मात्र परीक्षेच्या कागदावर सही लागते ती डॉक्टरचीच. अमेरिकेंत परिचारिका जें काम स्वतःच्या नांवानें करते, तें आपल्याकडे ती डॉक्टरच्या शेजारीं उभी राहून करते. हा भेद मुलींनीं आधींच समजून घ्यावा. परिचर्येच्या महाविद्यालयांत मात्र विषयाचा प्रवेश झाला आहे : भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ सालीं अधिसूचित झालेल्या बी. एस्सी. नर्सिंगच्या अभ्यासक्रमांत पांचव्या सत्रास न्यायपरिचर्या व भारतीय कायदे ह्यांची तोंडओळख करून देणारा विषय आहे.

अमेरिकेंत ह्या मार्गानें जाऊं इच्छिणारीस प्रथम नोंदणीकृत परिचारिका होऊन निदान दोन वर्षें काम करावें लागतें; मग ४० तासांचें तात्त्विक शिक्षण, तीन वर्षांच्या अवधींत ३०० तासांचा अनुभव, आणि शेवटीं परीक्षा. पैशाचें म्हणाल तर ह्यांत फार मिळतें असें नाहीं. पुष्कळ जणी दिवसा नेहमींची नोकरी करून रात्रीं बोलावणें आलें कीं धावतात. परदुःख ऐकून ऐकून मन विटतें, झोप उडते, आणि कांहीं वर्षांत चांगल्या चांगल्या हें काम सोडून जातात. २०१६ सालीं अमेरिकन संसदेच्या हिशेब-तपासनीस खात्यानें सहा संस्थानांची पाहणी केली, तेव्हां त्या सर्वांत, विशेषतः खेडोपाडीं, अशा परिचारिकांची वाण आढळली. आणि त्यांनीं इतक्या काळजीनें भरलेल्या पेट्यांचें होतें काय? २००९ सालीं डेट्रॉइट शहरांत पोलिसांच्या एका गोदामांत ११ हजारांहून अधिक पेट्या न तपासतां पडलेल्या सांपडल्या. तेव्हां तिकडचें सारें गोड, असें आम्ही म्हणत नाहीं.

आपल्या घरांतून ह्यास विरोध होईल हें आम्ही जाणतों. ‘आपल्यांतल्या मुलीनें परक्यांच्या अंगास हात लावायचा?’ हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वींहि झाला होता. १९०९ सालीं रमाबाई रानडे व गोपाळ कृष्ण देवधर ह्यांनीं पुण्यास सेवासदन काढलें, आणि तेथील स्त्रिया परिचर्या शिकावयास ससून रुग्णालयांत जाऊं लागल्या, तेव्हां पुण्याच्या पेठांतून थोडे का टोमणे उठले असतील! आज त्याच पेठांत परदेशीं परिचारिका असलेल्या लेकीचे फोटो शेजाऱ्यांस दाखविले जातात. रात्रपाळी, पोलिसांची ये-जा, न्यायालयांतील उलटतपासणी, ह्यांचें भय मात्र निराधार नाहीं. त्यासाठीं घरच्यांनीं मुलीस अडविण्यापेक्षां तिच्या पाठीशीं उभें राहणें, आणि रात्रीं दोन वाजतां ती परत आली तर काय पाहिलेंस म्हणून न विचारतां गरम दूधभात पुढें ठेवणें, हें आम्हांस अधिक उपयोगाचें वाटतें. तिनें पाहिलेलें तिला कोणास सांगतां येत नाहीं. तो तिच्या पेशाचा नियम आहे.

ज्या मुलीस ह्या मार्गानें जाण्याची इच्छा असेल तिनें बारावीस भौतिक, रसायन, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय घेतलेले असावे, म्हणजे बी. एस्सी. नर्सिंगला प्रवेश मिळण्यास पात्र होतां येईल. शिकत असतांनाच अपघात-विभागांतील काम मागून घ्यावें, न्यायवैद्यक विभागाच्या अध्यापकांस भेटून पुरावा बांधण्याची पद्धति प्रत्यक्ष पाहावी, आणि एखाद्या खुल्या खटल्यांत डॉक्टरची साक्ष चालू असतां मागच्या बांकावर जाऊन बसावें. मराठी व हिंदी दोन्ही भाषा ऐकल्याबरोबर जशाच्या तशा उतरवितां येतील इतका हात बसला पाहिजे. रुग्णाची बोली वऱ्हाडी असो, मालवणी असो, कीं अहिराणी असो. आणि अक्षर सुवाच्य हवें, कारण खटला उभा राहीपर्यंत पांच वर्षें लोटलेलीं असतात आणि तो कागद त्या वेळीं तिला स्वतःलाच वाचून दाखवावा लागतो.